दीवच्या किल्ल्यावरचा कोहळा

तलवार बसमधून नेऊ नये, हे आमच्या घरात कुणाला सुचलंच नाही. आज हे सांगितलं की मी शिकवते त्या कॉलेजातल्या मुली तोंडाला रुमाल लावून हसतात. पण बडोद्यात जुन्या संस्थानी पलटणीतल्या मराठ्यांच्या घरी तलवार असणं यात कुणाला काही वावगं वाटत नसे. कुणाकडे ती भिंतीवर टांगलेली असे, कुणाकडे कपाटावर, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून. आमची माझ्या आजोबांच्या पलंगाखाली, लांबट लाकडी पेटीत असे. आजोबांना आम्ही सगळे आबा म्हणत असू. आबा संस्थानाच्या पलटणीत शिपाई होते आणि त्यांचे वडीलही शिपाईच होते. संस्थान विलीन झाल्यावर आबांनी एका गिरणीच्या दरवाज्यावर पहारा केला आणि निवृत्त झाल्यावर घराच्या दरवाज्यावर. सकाळी बाबा नंदेसरीच्या कारखान्यात निघाले की आबा उंबऱ्यात उभे राहून त्यांचा डबा, पास आणि बुटांच्या नाड्या तपासत. बाबा तेव्हा पंचेचाळिशीचे होते.

घर लहान होतं, पण त्यात आवाज पुष्कळ. पहाटे आबांचा रेडिओ, मग आईची विळी, मग शेजारच्या हसमुखभाईंच्या दुकानाचं शटर. आईचं माहेर जवळच्या पादरा गावचं, तेही मराठीच, पण तिचं गुजराती इतकं अस्सल की भाजीवाल्या तिला पटेलच समजत. स्वयंपाकही तसाच. वरणात गूळ जरा जास्त, भातावर शेव, सणाला पुरणपोळी आणि रविवारी सेव-उसळ. आईची विळी मिटणारी होती, शिसवी पाटाची, तिच्या आईने दिलेली. ती विळी ती कुणाला वापरू देत नसे. महिन्यातून एकदा पायरीच्या दगडावर घासून स्वतःच धार लावी आणि त्या वेळी तिच्याशी कुणी बोललेलं तिला चालत नसे. बाबांच्या कपड्यांना कारखान्याचा एक आंबूस वास येई. मी कॉलेजात गेले त्या वर्षी गल्लीत केबल टीव्ही आला आणि बाबांच्या कारखान्यात परदेशी यंत्रं येणार, अशी बोलणी सुरू झाली. घरात या दोन्ही गोष्टींकडे सारख्याच संशयाने पाहिलं गेलं.

खंडेनवमी म्हणजे आबांचा दिवस. इतर घरी त्या दिवशी शिवणयंत्रापासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळ्याची पूजा होते. आमच्याकडे तसं नव्हतं. "शस्त्र ते शस्त्र, अवजार ते अवजार," असं आबांचं म्हणणं. बाबांच्या स्कूटरला हार पडे तोही फाटकाबाहेर. पाटावर एकटी तलवार. आबा आदल्या दिवशी तिला तेल देत, फडक्याने पुसत, पण धार लावायला शिकलगाराकडे कधी पाठवत नसत. त्यांच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, की या पात्याला परक्याचा हात लागता कामा नये. पूजा झाली की कोहळा. पणजोबांच्या आधी कधीतरी बकरा असे, पुढे त्याच्या जागी कोहळा आला. आबा पागोटं बांधून, उजवा पाय पुढे टाकून उभे राहत, तलवार खांद्यामागे नेत आणि एका घावात कोहळ्याचे दोन तुकडे करत. मग खणखणीत आवाजात म्हणत, "फत्ते!" लहानपणी मला त्या शब्दाने अंगावर काटा येत असे.

आबांनी आयुष्यात कुणावरही शस्त्र उगारलं नव्हतं, हे मी नीट सांगून ठेवते. ते राजवाड्याच्या देवडीवर उभे राहिले, दसऱ्याच्या मिरवणुकीत चालले, खजिन्याच्या गाडीबरोबर गेले. लढाई अशी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. वर्षातून एकदा कोहळ्यावर पडणारा तो घाव हीच त्यांची सगळी लढाई होती आणि ती ते दर वर्षी जिंकत.

आणि ती लढाई आई आधीच लढून ठेवी. मी सातवीत असताना मला हे कळलं. नवमीच्या सकाळी आबा आंघोळीला गेले की आई स्वयंपाकघराचं दार लावून घेई, विळी मांडी आणि कोहळा पात्यावर गोल फिरवत फिरवत आतपर्यंत चिरत नेई. वरच्या बाजूला फक्त अंगठ्याएवढी साल शाबूत ठेवायची. मग चिरेवर ओल्या हळदीकुंकवाचा जाड पट्टा द्यायचा, वरून पिवळा दोरा गुंडाळायचा, झेंडूचा हार घालायचा. पाटावर ठेवला की कोहळा अगदी अखंड दिसे. मला दोरा धरायला बोलावलं तेव्हा मी थक्क होऊन विचारलं, "आबांना ठाऊक आहे?" आई म्हणाली, "नाही. तुझ्या आजीने मला लग्नानंतरच्या पहिल्याच नवमीला शिकवलं. ती तलवार बोथट आहे गं, पळीसारखी. आता तू शिक, आणि तोंडाला कुलूप." मी कुलूप घातलं. पुढे दर नवमीला आबांचं "फत्ते" ऐकताना मी खाली बघत असे, आणि आई पदर सावरत असे. खरं सांगायचं तर मला त्यात मजाच वाटायची.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा बाबांच्या कारखान्यात ती यंत्रं खरोखरच आली. ती बसवायला कारखाना आठवडाभर बंद राहणार होता आणि तो आठवडा ऐन नवरात्रातला होता. हसमुखभाईंचे मेहुणे एक लक्झरी बस दीवला नेत होते. नवरात्रात बडोदं सोडून कुणी जात नाही, त्यामुळे भाडं निम्मं. बाबांनी आम्हा चौघांची नावं घातली. मी दोन दिवस जेवले नाही. शेवटच्या दोन रात्रींचा गरबा सोडून समुद्र बघायला जायचं, हे त्या वयात मला काळं पाणी वाटलं होतं. आबा मात्र एकदम तयार झाले. त्यांचे वडील तरुणपणी कोडिनारच्या ठाण्यावर होते. कोडिनार तेव्हा बडोद्याच्या राज्यात होतं आणि दीवचं बेट तिथून जवळच, पण ते फिरंग्यांचं. वडील सांगायचे, असा किल्ला बघितला नाही, समुद्रातून उगवल्यासारखा. आत जायला मात्र त्यांना कधी मिळालं नाही. आबांनी सगळं आयुष्य हे ऐकलं होतं आणि आता आपण आत जाऊन बघायचंच, असं त्यांनी ठरवलं. अट एकच. नवमी चुकणार नाही. मग तलवार होल्डॉलमध्ये, सतरंजीच्या आत गेली, आणि कोहळा आईच्या पिशवीत. त्याखाली तिने मिटलेली विळी ठेवली आणि वर थेपल्यांचा डबा. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "तिथं परक्या सुरीवर माझा भरवसा नाही."

पहाटे निघालो ते संध्याकाळी दीवला पोचलो. पुलावरून बेटावर शिरलो तसा बसमधला पुरुषवर्ग एकदम खुलला, कारण गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये दर दहा पावलांवर दारूचं दुकान. हसमुखभाई एरवी कपाळाला गंध लावल्याशिवाय गल्ल्यावर बसत नसत. तेही गायब झाले आणि जेवणाच्या वेळी फार प्रेमळ होऊन परतले. आबांनी तिकडे लक्ष दिलं नाही. ते उतरण्याच्या घराच्या गच्चीत उभे राहून दोन फांट्यांची ताडासारखी झाडं बघत होते. त्यांना तिथले लोक होका म्हणतात. आबा म्हणाले, "झाडसुद्धा इथं दोन मनाचं आहे."

नवमीच्या सकाळी आम्ही चौघंच किल्ल्यावर गेलो. बाकी बस झोपली होती. मी पुष्कळ किल्ले पुढे पाहिले, पण किल्ला कसा बघायचा हे मला त्या सकाळी आबांनी शिकवलं. मी तोफांकडे धावले तर त्यांनी मला मागे बोलावलं. "तोफा काय कुणीही बघेल. आधी पाणी कुठं साठवत ते शोध. मग स्वयंपाक कुठं करत. मग शिपाई कुठं झोपत." त्यांनी भिंतीला हात लावून दगडाची जाडी बघितली. दोन तटांच्या मधल्या खंदकात भरतीचं पाणी हळूहळू चढत होतं, त्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मान डोलावली. "भरती-ओहोटीच पहारा करते. पगार नको, रजा नको." मग पाण्याची टाकी सापडली, दारूकोठाराची पडकी खोली सापडली, आणि छप्पर गेलेल्या लांबट खोल्यांची एक रांग सापडली. तिथं गवत वाढलं होतं आणि शेळ्या चरत होत्या. आबा त्या रांगेपुढे थांबले. "ही शिबंदी राहायची जागा," ते म्हणाले. "किल्ल्यावर जे सैन्य कायमचं ठेवतात ना, ते. काय वय असेल पोरांचं? अठरा, वीस. कित्येक महिने गलबतातून येऊन इथं पडायचं. समोर समुद्र, मागे समुद्र. शत्रू येतो वर्षा-दोन वर्षांनी, कंटाळा रोज येतो." बाबा हसले. आबा हसले नाहीत. "मी तीस वर्षं दरवाज्यावर उभा राहिलोय, विनायक. मला ठाऊक आहे."

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की आबांना हे फिरंगी शिपाई आपल्या पलटणीतलेच वाटतायत. ज्यांच्याविरुद्ध वडिलांनी ठाण्यावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला, त्यांच्या झोपायच्या खोलीपुढे ते चप्पल काढून उभे होते. मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा दीवला गेले होते. किल्ला आहे तसा आहे, माणसं मात्र आता आत शिरल्याबरोबर पाठ फिरवतात आणि फोनमध्ये स्वतःला बघतात. ती खोल्यांची रांग शोधायला मला अर्धा तास लागला. गुडघ्यांमुळे असेल.

पूजा समुद्राकडच्या बुरुजावर झाली. तिथं एक मोठी पितळी तोफ होती, अंगावर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली. आबांनी तलवार तिच्याशेजारी नव्या खणावर ठेवली आणि तलवारीला लावलं तसंच बोटभर कुंकू तोफेलाही लावलं. बाबा म्हणाले, "आबा, ती फिरंग्यांची." आबा म्हणाले, "शस्त्राला जात नसते." कोहळा आईने पहाटेच न्हाणीघरात कडी लावून तयार केला होता. मी बाहेर उभी राहून आबांना चहाच्या गप्पांत गुंतवलं होतं. वारा फार होता. आबांचं पागोटं सुटत होतं, ते त्यांनी दोनदा बांधलं. मग पाय पुढे टाकून, पाठीमागे अख्खा समुद्र घेऊन त्यांनी घाव घातला आणि कोहळा दोन्हीकडे कलंडला. "फत्ते!" खालून दोन मुलगे आमच्याकडे बघत होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांचे डोळे भरून आले होते. म्हणाले, "वडील असते तर." अर्धा कोहळा त्यांनी तटावरून समुद्रात सोडला, अर्धा नेहमीप्रमाणे प्रसादाचा म्हणून घरी न्यायला ठेवला. त्या दिवशी मला गरब्याची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघालो. बेट सोडून गुजरातेत शिरताना पोलिसांचा नाका असतो, आणि तिथं परतणारी प्रत्येक गाडी बाटल्यांसाठी तपासतात, हे बसमध्ये आम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. हसमुखभाईंनी पाण्याचा थर्मास मांडीवर घट्ट धरला होता. कुणाची उशी वाजत होती. नाक्यावर बस बाजूला घेतली, पत्र्याच्या शेडखाली खुर्ची टाकून एक तरुण फौजदार बसला होता, आणि एक हवालदार वर चढला. सगळ्या बसची पाचावर धारण बसली. आमचं मन साफ होतं, म्हणून आम्ही पहिल्याच बाकावर ऐटीत बसलो होतो. हवालदाराने आईच्या पिशवीत हात घातला आणि "ओय मा!" म्हणून बाहेर ओढला. बोट चिरलं होतं. विळीचा खटका सैल होऊन ती अर्धवट उघडली होती. आईने घाईघाईने पूजेच्या डबीतली हळद काढून त्याच्या बोटावर दाबली. तो चिडला, आणि चिडून त्याने आमचा होल्डॉल सोडला.

"साहेब," तो दारातून ओरडला, "तलवार नीकळी!"

आम्हाला खाली उतरवलं. होल्डॉल, तलवार, पिशवी, विळी, सगळं टेबलावर मांडलं. फौजदार रागीट नव्हता, उलट त्याला हसू आवरत नव्हतं. "बाटली तो बधा संताडे छे, दादा. तलवार तो तमे पहेला." बाटल्या सगळेच लपवतात, तलवार लपवणारे आम्हीच पहिले, म्हणे. मग त्याने परवाना विचारला. परवाना! आम्ही एकमेकांकडे पाहिलं. बाबा हात जोडून सांगायला लागले, "पूजानी छे, साहेब. दर नवमीए पूजा करीए. मारा बापुजी स्टेटनी पलटणमां हता." फौजदाराने पात्यावरून अंगठा फिरवला. तेल आणि कुंकवाच्या थराखाली त्याला काही समजेना. त्याने सरळ विचारलं, "धार छे के शोभानी छे?" आणि समजुतीने पुढे सांगितलं, की शोभेची असेल तर घेऊन जा, वात पूरी; पण धार असेल तर मला जमा करावी लागेल, केस होईल, मग ती परत मिळायची तेव्हा मिळेल. तो आबांकडे बघत राहिला. मला वाटतं, उत्तर काय द्यायचं हे त्याने आबांच्या तोंडात जवळजवळ घालूनच दिलं होतं.

आबा ताठ उभे होते. "शोभेची?" ते मराठीत म्हणाले. मग त्यांच्या मोडक्या गुजरातीत, सगळ्या बसला ऐकू जाईल असं, "एक घामां आखुं कोळुं बे फाड थाय छे, साहेब! काल ज कापेलुं. शोभानी नथी." बाबांनी त्यांची बाही ओढली, "आबा, म्हणा ना शोभेची." आबांनी बाही सोडवली. "बापाच्या तलवारीला मी बोथट म्हणू? जमा करू दे." फौजदाराने सुस्कारा टाकला आणि कागद पुढे ओढला.

मला ठाऊक होतं. मी एक शब्द बोलले असते तर भागलं असतं. पण तो शब्द आबांच्या समोर, अख्ख्या बसच्या समोर उच्चारायचा म्हणजे काय, हेही ठाऊक होतं. मी होल्डॉलचे पट्टे गुंडाळायला लागले. फौजदाराने पेनचं टोपण काढलं तेव्हा आई पुढे आली. आबांपुढे ती परक्या पुरुषाशी बोललेली मी कधी पाहिली नव्हती. डोक्यावरचा पदर नीट करून ती म्हणाली, "साहेब, बुठ्ठी छे. बिलकुल बुठ्ठी. कोळुं हुं पहेलांथी कापी राखुं छुं. आनाथी." आणि तिने विळीवर हात ठेवला.

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग हवालदार स्वतःच्या पिवळ्या बोटाकडे बघून हसला, आणि बसच्या खिडक्यांतून हसू फुटलं. "सूनबाई," आबा म्हणाले, "हे काय बोलतेस?" आबा माझ्याकडे वळले. "वैशू, तो कोहळा आण." मी पिशवीतून उरलेला अर्धा कोहळा काढला. काय होणार हे माहीत असताना तो मी त्यांच्या हातात दिला, आणि आयुष्यात केलेल्या ज्या दोन-चार गोष्टी मला परत घ्याव्याशा वाटतात त्यांत ही आहे. त्यांनी तो पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर पालथा ठेवला, उजवा पाय पुढे टाकला, तलवार खांद्यामागे नेली. घाव बसला तेव्हा भद्द असा आवाज आला. पातं दोन बोटं आत गेलं आणि अडकलं. आबांनी उपसलं तर कोहळाही बरोबर वर आला. त्यांनी तो हाताने सोडवला, परत ठेवला, आणि दुसरा घाव घातला. कोहळा कट्ट्यावरून घरंगळून रस्त्याच्या धुळीत गेला. तो अजून तुटला नव्हता.

कुणी हसलं नाही आता. फौजदार उठला, त्याने स्वतः जाऊन कोहळा उचलला, धूळ झटकली आणि तलवारीशेजारी ठेवला. "लई जाव, दादा," तो हळू आवाजात म्हणाला. "शोभानी छे." मग वातावरण हलकं करायला म्हणून की काय, विळी आईच्या हातात देत म्हणाला, "आ संताडो, बेन. खरी धार तो आनी छे." त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण ते वाक्य आबांना लागलं ते मी बघितलं. या सगळ्या गडबडीत बाकीची बस तपासायची राहून गेली. पुढच्या वळणावर हसमुखभाईंनी थर्मासचा मुका घेतला आणि आबांच्या पाया पडायला आले. "दादा, तमे तो बचावी लीधा!" आबा खिडकीबाहेर बघत होते. बडोदं येईपर्यंत त्यांनी पाणीसुद्धा मागितलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात आवाज कमी झाले. आबा आईशी बोलेनात. भांडण नाही, आदळआपट नाही. तिने वाढलेलं निमूट जेवत, पण काही हवं असलं तर मला सांगत. "आईला सांग, चहा नको." आई दोन हातांच्या अंतरावर उभी असे. सूनबाई हा शब्दच घरातून गेला. आई कामात राही, पण एकदा विळीला धार लावताना मी तिला रडताना पाहिलं. म्हणाली, "तलवार वाचली आणि माणूस गेला. जमा झाली असती तर त्यांना निदान अभिमान तरी राहिला असता. मी चुकले का गं?" बाबांचं म्हणणं, जेलमध्ये गेले असते का म्हाताऱ्या वयात, ती बरोबरच बोलली. पण हे ते आबांना सांगायला धजावत नव्हते.

थंडीत एक दिवस मी गच्चीवर अभ्यास करत होते तेव्हा आबा वर आले. कठड्याला टेकून उभे राहिले. मग विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"सातवीपासून."

"आणि तुझ्या आजीला?"

मी म्हटलं, "आजीनेच आईला शिकवलं, आबा."

ते कठड्यावर बसले. आजीला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. "म्हणजे ती सगळा संसारभर..." एवढंच म्हणाले. मग, "आणि माझ्या आईला? माझे वडील घाव घालायचे तेव्हा?"

"ते मला नाही माहीत. आईला विचारा."

त्यांनी विचारलं, पण लगेच नाही. संक्रांत झाली, होळी झाली. एका सकाळी आई भाजी चिरत असताना ते स्वयंपाकघराच्या दारात आले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "माझी आईपण करायची?" आईने हात थांबवला नाही. "सासूबाई म्हणायच्या, त्यांना तुमच्या आईंनी शिकवलं, मामंजी. आणि त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. कुणी सुरू केलं ते कुणालाच ठाऊक नाही." आबा मान हलवून निघून गेले. पण त्या दिवशी दुपारी त्यांनी चहा थेट आईकडे मागितला.

पुढची नवमी आली तेव्हा काय करायचं, हे आम्हाला कळेना. आईने कोहळा आणून ठेवला होता, पण विळी मांडू की नको, म्हणून ती तशीच बसून होती. दार लावायला आता अर्थ नव्हता. आबा आंघोळ करून आले, पागोटं न बांधता. बाहेर पाटावर तलवार मांडलेली होती. ते दारात थांबले आणि म्हणाले, "सूनबाई, बाहेर ये. विळी घेऊन ये."

जवळजवळ वर्षाने तो शब्द ऐकला म्हणून असेल, आई इतकी गोंधळली की विळी मिटायचीही विसरली, तशीच उघडी घेऊन आली. आबांनी पाटावरची तलवार एका बाजूला सरकवली. शस्त्र ते शस्त्र, अवजार ते अवजार म्हणणाऱ्या माणसाने शेजारच्या रिकाम्या जागेवर हात फिरवून दाखवला. आईने विळी तिथे ठेवली. आबांनी आधी तलवारीला कुंकू लावलं, मग विळीच्या पात्याला, आणि पाटाच्या शिसवी लाकडावर एक झेंडूचं फूल वाहिलं. बाबा काहीतरी बोलणार होते, त्यांना मी कोपर मारलं.

"आता चीर," आबा म्हणाले.

"इथं? सगळ्यांच्या समोर?"

"इथंच."

आईने विळी खाली घेतली, पाय मुडपून बसली, पदर कमरेला खोचला. कोहळा पात्यावर ठेवून तिने एकदाच गोल फिरवला, आणि या वेळी साल शाबूत ठेवली नाही. कर्रकन आवाज झाला आणि तिच्या दोन्ही हातांत एक एक अर्धं आलं. ती वर बघेना. आबा पाटापुढे ताठ उभे होते, उजवा पाय नेहमीसारखा पुढे टाकलेला, हात मात्र रिकामे.

"फत्ते," ते म्हणाले.

आवाज खणखणीत नव्हता, पण आईला ऐकू गेला. तिने एक अर्धं त्यांच्या हातात दिलं, विळी पुसून परत पाटावर ठेवली आणि दुसऱ्या अर्ध्याची भाजी टाकायला आत गेली.